शेवटची ओळ खोडा, ओव्हन लावा : सोलापुरातल्या थिन फिल्मवाल्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठात थिन फिल्मवर काम करणारे प्राध्यापक, पीएच.डी. मार्गदर्शक आणि त्यांचे विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

मी प्राध्यापक नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझं इलेक्ट्रॉनिक जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्राचे, कंट्रोलर दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. पण एकेकाळी एम.एस्सी. फिजिक्स केलंय, बीकरमध्ये काचपट्ट्या बुडवून फिल्मही, म्हणजे पदार्थाचे पातळ थर, चढवल्यात. म्हणजे तुमच्याच घरातला, जरा लवकर बाहेर पडलेला.

पत्र आपल्या पेपरांच्या शेवटी येणाऱ्या 'मेमरीसाठी उपयुक्त' या ओळीबद्दल आहे, आणि लिहायचं कारण मे महिन्यात घडलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारांचा दुपारी तीनला फोन आला. लाइट गेली होती, वीस मिनिटांनी आली, आणि कंट्रोलर मोर विसरला. गेलो. वर पत्र्याचं छत, खाली भट्टी. मागावर चादर तशीच ताणलेली. मोर मानेपर्यंत विणून झाला होता, त्याच्यापुढे नुसत्या आडव्या रेघा. कंट्रोलरच्या डब्यात थर्मामीटर घातला तर ६१ अंश. दोष साधाच होता. त्या जुन्या बोर्डावरची मेमरी बटण-सेलच्या जिवावर चालते. उन्हाळ्यानं सेल मेला होता, तो मेल्याचं लाइट होती तोवर कुणाला कळलं नाही.

मी सेल बदलत होतो तेव्हा कारखानदारांचे वडील माळ्यावरून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा खाली घेऊन आले. पुठ्ठ्याची पंच केलेली जुनी कार्डं, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. धूळ झटकत म्हणाले, "हे बघा, हा बी मोरच आहे. चाळीस वर्षं झाली. लाइट गेली म्हणून कधी विसरला नाही की ओ."

हसून सोडून देता आलं असतं, पण म्हातारबाबांनी नॉन-व्होलाटाइल, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीची व्याख्या केली होती. कार्डात भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उभा राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. माहिती पदार्थाच्या आकारातच बसलेली आहे, तिला टिकायला वीज लागत नाही. आपल्या पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी वीज नसताना टिकते खरी, पण तिची माहिती म्हणजे एका बारीक पिंजऱ्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. ताप वाढला की ते गळायला लागतात. पुठ्ठ्याच्या जातीची, म्हणजे पदार्थाच्या ठेवणीतच माहिती ठेवणारी चिप हवी असेल, तर तुमच्या विषयाशी यावं लागतं. फेज-चेंज मेमरीशी.

तुम्हाला ती शिकवायचा आगाऊपणा करत नाही. पण हे पत्र खुलं आहे, मागवालेही वाचतील, म्हणून थोडक्यात. साखरेचा पाक झटकन गार केला की चिक्कीतली काच होते, तोच सावकाश बसू दिला की खडीसाखर. पदार्थ एकच, अणू-रेणूंची मांडणी वेगळी. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाचं असंच आहे. विजेच्या छोट्या झटक्यानं ते सहाशे अंशांच्या वर नेऊन वितळवलं आणि लगेच गार होऊ दिलं, की अणू विस्कटलेलेच गोठतात आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरमसाट वाढतो. त्याहून हलका पण जरा लांब झटका दिला की अणू ओळीत बसतात आणि रोध हजारपटीनं, कधी त्याहूनही जास्त, खाली येतो. वर म्हणजे शून्य, खाली म्हणजे एक. या मिश्रणाला Ge-Sb-Te या चिन्हांवरून जगभर जीएसटी म्हणतात. आमच्या चादरीवर लागतो तो नव्हे.

आता चिक्कीचा दुसरा गुण बघा. पावसाळ्यात डब्यात राहिली तर ती रवाळ होते. काचेला मुळात खडीसाखर व्हायचंच असतं, फक्त संधी मिळालेली नसते. फेज-चेंज पदार्थ सुधारायचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. लिहिताना त्यानं काही नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) स्फटिक व्हावं अशी आपली अपेक्षा, आणि लिहून झाल्यावर तापलेल्या डब्यात दहा वर्षं स्फटिक होऊ नये हीसुद्धा आपलीच अपेक्षा. दहा वर्षं म्हणजे साडेएकतीस कोटी सेकंद. दहा नॅनोसेकंदांशी त्याचं प्रमाण काढलं तर तीनवर सोळा शून्यं येतात. एकाच पदार्थानं एका तापमानाला इतकं चपळ आणि दुसऱ्या तापमानाला इतकं ढिम्म असायचं. जगातल्या प्रयोगशाळा गेली कित्येक वर्षं या रस्सीखेचीत अडकल्यात. चपळाई वाढवा, टिकाऊपणा जातो. टिकाऊपणा वाढवा, लिहायला वेळ लागतो.

त्यातून वाटा निघाल्याही. २०१७ साली चिनी संशोधकांनी अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं स्कॅन्डियम घालून स्फटिक व्हायचा वेळ ७०० पिकोसेकंदांवर, म्हणजे एका नॅनोसेकंदाच्याही आत आणला. स्कॅन्डियममुळे स्फटिकाची बीजं चटकन धरतात. उलट्या टोकाला मोटारीच्या चिपा बनवणाऱ्यांनी जर्मेनियम मुद्दाम जास्त घातलं. लिहायचा वेग घटला, पण उष्णतेपुढे टिकाव वाढला.

हे दुसरं टोक मला माझ्या टेबलावरून नीट कळतं. बोर्डावर चिप बसवताना सोल्डरच्या भट्टीत तापमान २५०-२६० अंशांपर्यंत जातं. साधं जीएसटी दीडशेच्या आसपासच स्फटिकायला लागतं. म्हणजे कारखान्यात प्रोग्राम भरून पाठवलेली चिप बोर्डावर बसेपर्यंत कोरी. माझी हॉट-एअर गन ३५० अंशांवर चालते. असल्या चिपेजवळ ती नेली तर मी दुरुस्ती करतोय की स्मृतिभ्रंश, हे ठरवणं कठीण. मोटारवाल्यांनी जर्मेनियम का वाढवलं त्याचं एक उत्तर यात आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि आधी माझीच चूक कबूल करतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, मार्गदर्शकांचंही नाही, त्यांचा दोष नव्हता. माझ्या प्रबंधात अँटिमनी टेल्युराइडच्या फिल्म होत्या. एक्सआरडीनं स्फटिकाची मांडणी तपासली, सेमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो काढले, इडॅक्सनं मूलद्रव्यांचं प्रमाण काढलं, बँड गॅप काढला. रोध-तापमानाचा एकच आलेख होता. तो घेताना रात्री चाळीस मिनिटं लाइट गेली. ओव्हन गार झाला, फिल्म जिथं बदलायला लागली होती नेमकं तिथलं रीडिंग बुडालं. सबमिशन आठ दिवसांवर. मी काय केलं? मधला भाग फ्रेंच कर्व्हनं, म्हणजे वक्र रेघा काढायच्या पट्टीनं, जोडून टाकला. रेघ फार सुंदर आली. आणि शेवटच्या पानावर, आपण सगळेच लिहितो ती ओळ लिहिली, की सदर पदार्थ मेमरी उपकरणांसाठी उपयुक्त ठरू शकतो. त्या फिल्मवर मी एकदाही एक किंवा शून्य लिहून पाहिलं नव्हतं. ती दहा दिवस टिकते का, हेसुद्धा पाहिलं नव्हतं. अँटिमनी टेल्युराइड शंभर अंशांच्या आसपासच स्फटिकतं. मेमरी म्हणून ते नुसतं वापरणं म्हणजे बर्फाच्या लादीवर पत्ता लिहून ठेवण्यासारखं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असंही नाही.

ती ओळ मी अजून वाचतो. कुणी ओळखीचा विद्यार्थी पेपर पाठवतो, मी आधी शेवटचा परिच्छेद उघडतो, आणि ती तिथं बसलेली असते. हे फक्त सोलापुरात होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण सोलापुरात ते बंद करता येईल असं मला वाटतं, आणि तेवढंच मागायला हे पत्र आहे. कॅल्कोजेनाइड, म्हणजे टेल्युरियम-सेलेनियमसारख्यांच्या संयुगाच्या, फिल्मवर मेमरीचं नाव घ्यायचं असेल, तर ती ओळ खोडा आणि तिच्या जागी टिकाऊपणाची एक खरी मोजणी द्या.

मोठी यंत्रं नाहीत, ही सबब इथं चालत नाही. नॅनोसेकंदांचे झटके द्यायला महागडे पल्स जनरेटर लागतात, चाळीस नॅनोमीटरचा मेमरी सेल, म्हणजे माहितीचा एक कप्पा, कोरायला धूळमुक्त क्लीन रूम लागते, हे मान्य. पण पदार्थ किती टिकतो हे बघायला लागतात एक ओव्हन, नायट्रोजनचं सिलिंडर, चांगलं मल्टिमीटर आणि वेळ. वेळ आपल्याकडे आहे. मोठ्या प्रयोगशाळांना तोच परवडत नाही.

एक उदाहरण घ्या, ड्रिफ्टचं. विस्कटलेल्या अवस्थेतला रोध एका जागी राहत नाही. स्फटिक न होताही, नुसत्या अंतर्गत सावरासावरीनं तो वाढत जातो. जीएसटीसाठी तो काळाच्या साधारण ०.१ घाताप्रमाणे वाढतो. म्हणजे काळ दसपट झाला की रोध सव्वापट. एक आणि शून्य असे दोनच स्तर असतील तर यानं फारसं बिघडत नाही. पण एका सेलमध्ये चार किंवा आठ स्तर भरायचे, किंवा हल्ली जे चाललंय तसं त्याच सेलमध्ये गुणाकार-बेरीज करून घ्यायची, तर शेजारचे स्तर एकमेकांच्या अंगावर सरकतात. म्हणून ड्रिफ्ट कमी असलेला पदार्थ शोधणं आज जीएसटीहून वेगवान पदार्थ शोधण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि तो मोजायचा कसा? १०० सेकंदांनी एक रीडिंग, १००० नं दुसरं. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. एक कोटी सेकंद म्हणजे जवळपास चार महिने. एक सत्र! विद्यार्थ्याच्या हातात प्रयोग सुरू करून द्या, सत्र संपताना काळाच्या पाच दसपटींचा आलेख तयार. त्यात एक्सआरडीच्या नंबराची वाट बघायची नाही.

टिकाऊपणाचंही तसंच. चार-पाच तापमानांना फिल्म धरून ठेवायची, रोध कोसळायला किती वेळ लागला ते लिहायचं, तापमान आणि टिकायचा वेळ यांचं नातं दाखवणारा अर्‍हेनियसचा आलेख काढायचा आणि दहा वर्षांची रेघ कुठे छेदते ते बघायचं. साध्या जीएसटीच्या फिल्मवर हा आकडा ८०-९० अंशांच्या पट्ट्यात येतो. यात एक लबाडी असते, ती तुम्हाला माहीत आहेच. सगळी मोजमापं दीडशे अंशांपुढची, तीसुद्धा तासाभराची, आणि निष्कर्ष ८५ अंशांना दहा वर्षं. मधे कुठे रेघ वाकली तर? म्हणून खालच्या तापमानाला महिनोन्‌महिने धरून घेतलेला एकेक बिंदू सोन्याचा. असा बिंदू घ्यायला कुणी तयार नसतं, कारण त्यातून वर्षाला चार पेपर निघत नाहीत.

करताना जे सांभाळायला हवं ते मला ठेचा खाऊन कळलंय. उघडी फिल्म तापवली की टेल्युराइड हवेनं बिघडतं आणि पृष्ठभागावरून स्फटिकायला लागतं. आपण पदार्थ मोजतोय असं वाटतं, मोजत असतो गंज. वर पातळ संरक्षक थर हवा, किंवा निदान वाहता नायट्रोजन. व्हॅक्यूम कोटिंग युनिटमध्ये मिश्रण एकत्र उडवलं तर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या वेगानं उडतं, काचेवर बसतं ते प्रमाण वेगळंच असतं. इडॅक्स आधी करा, पदार्थाचं नाव नंतर द्या. आणि बसतानाच काचरूप झालेली फिल्म म्हणजे वितळवून झटकन गार केलेली काच नव्हे. दुसरीत स्फटिकांची बारीक बीजं शिल्लक असतात, ती लवकर उलटते. एकीचा आकडा दुसरीच्या नावावर खपवू नये. शिवाय टेल्युरियमशी खेळताना मास्क आणि फ्यूम हूड. ते अंगात गेलं तर श्वासाला लसणासारखा वास यायला लागतो आणि लवकर जात नाही. आपल्या शेंगाचटणीमागे तो लपेल या भरवशावर राहू नका.

ज्यांना वाटतं की असल्या कंटाळवाण्या मोजणीतून मोठं काही निघत नाही, त्यांच्यासाठी अलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इंडियम सेलेनाइडच्या अतिसूक्ष्म तारांतून झटक्यांऐवजी संथ, सलग करंट सोडला होता. तारांनी अचानक वीज वाहून न्यायचंच बंद केलं. बघितलं तर तारांचा लांबलचक भाग न वितळताच काचरूप झालेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते घडताना पाहायची सोय केली, एमआयटीचीही माणसं होती. पदार्थाच्या थरांत आतल्या आत भूकंपासारखे धक्के बसतात आणि त्यातून मांडणी विस्कटत जाते, असं निघालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. वितळवायची गरज नाही म्हणजे लागणारी ऊर्जा अब्जाव्या भागापर्यंत खाली येऊ शकते, असा त्यांचा दावा आहे. अर्थात तो अजून तारेतला प्रयोग आहे, चिप नव्हे. पण फेज-चेंज मेमरीचा सगळा ताप, शब्दशः, त्या वितळवण्यात आहे. दिलेल्या उष्णतेतली बहुतेक आजूबाजूला वाया जाते, शेजारचा सेल तापतो, आणि काच ते स्फटिक होताना पदार्थ सहा-सात टक्क्यांनी आक्रसतो म्हणून लाखो फेऱ्यांनंतर आत पोकळ्या पडतात. इंडियम सेलेनाइड आपल्याकडे कुणाला नवीन नाही. मुद्दाम शोधलं तर आपल्याच कुठल्या तरी कपाटात त्याच्या काचपट्ट्या सापडतील.

आणि अगदी सुरुवात कुणी केली ते आठवा. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की, अमेरिकेतल्या ॲक्रन गावचा टूलमेकर. कॉलेजची पायरी चढला नाही, लेथ बनवायचा. १९६८ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये त्यानं दाखवलं की विस्कटलेल्या काचा विजेनं उलटसुलट बदलता येतात. दोन वर्षांनी इंटेलचे गॉर्डन मूर आणि सहकाऱ्यांनी अशा पदार्थाची २५६ बिटांची मेमरी चिप जाहीर केली. मग बरीच वर्षं सामसूम. जपानमध्ये यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएसटी मिश्रण शोधलं, त्यावर पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी निघाल्या, आणि तोच पदार्थ चिपेत परत आला. २०१५ मध्ये इंटेल-मायक्रॉननं ३डी क्रॉसपॉइंट या नव्या मेमरीची मोठी घोषणा केली. त्यात फेज-चेंज पदार्थ असल्याचं नंतर चिप उघडून पाहणाऱ्यांनी दाखवलं. २०२२ मध्ये इंटेलनं ते बासनात गुंडाळलं. भौतिकशास्त्र हरलं नव्हतं. बाजारभावात फ्लॅश आणि डीरॅम (संगणकाची कामचलाऊ मेमरी, वीज गेली की विसरणारी) या दोन बाजूंनी त्याला दाबलं. मला तर वाटतं, कंपन्यांची घाई संपलेली असताना पदार्थावर शांतपणे काम करायला हीच वेळ बरी.

मधेच एक. हल्ली कुठलंही व्यासपीठ मिळालं की "सोलापूरला सेमीकंडक्टर पार्क" अशी मागणी होते. होऊ दे, माझा विरोध नाही, पण ज्या गावात वर्षानुवर्षं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं त्या गावानं चिपेचा कारखाना मागावा याचं मला हसू येतं. त्यापेक्षा केंद्र सरकारनं २०२३ मध्ये जी ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियम, इंडियम, सेलेनियम ही आपल्या विषयाची पाचही नावं आहेत, ती नजर घालायला बरी. टेल्युरियम तर तांबं शुद्ध करताना तळाशी बसणाऱ्या गाळातून मिळतं. कमी टेल्युरियमवर चालणारा पदार्थ कुणी शोधला, तर तो फक्त पेपर राहणार नाही.

तर माझा प्रस्ताव असा. शहरातल्या दोन-तीन विभागांनी मिळून टिकाऊपणा आणि ड्रिफ्ट मोजायचा एकच सामायिक बाक उभा करावा. कुणाचीही फिल्म त्यावर चढेल, कच्ची रीडिंगं सगळ्यांना बघता येतील, आणि लाइट गेली तर आलेखात तेवढी जागा रिकामी सोडायची. त्यावर फ्रेंच कर्व्ह ठेवायचा नाही. आपोआप रीडिंग नोंदवणारा आठ चॅनेलचा लॉगर मी बनवून देतो, बॅटरी बॅकअपसकट, पैसे नकोत. दुकानातल्या भंगारातून अर्धा निघेल. ओव्हनला मात्र मोठा यूपीएस लागेल, तो विभागांनी बघावा. पदवीच्या मुलांनाही त्यावर बसवा. रात्री दोनला उठून रीडिंग बघितलेला मुलगा पुढे कुठेही गेला तरी आकड्याशी खोटं बोलायला कचरतो, असा माझा अंदाज आहे. मी उठलो नव्हतो.

पहिला नमुना म्हणून माझ्या त्याच जुन्या फिल्म देतो. अजून माझ्याकडे आहेत, औषधाच्या डबीत. आजवर किती दिवस झाले ते डबीवरच्या तारखेवरून मोजता येईल. त्या आता बहुधा पूर्ण स्फटिक झाल्या असतील, तेही एक रीडिंगच.

दुकान रात्री नऊला बंद होतं, त्यानंतर मी मोकळा असतो. फिल्म आणणार असाल तर हाताळायला चिमटा आणा, आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाकायला विसरू नका.

आपला,
एक जकार्ड कंट्रोलर दुरुस्तीवाला
पूर्व भाग, सोलापूर